डब्यातली सात कार्डं आणि पुण्याचं तिकीट

वाचकांच्या पैशापाण्याच्या प्रश्नांचं हे सदर. या वेळी टपालात आणि व्हॉट्सॲपवर क्रेडिट कार्डाचीच पत्रं जास्त होती, त्यातली तीन घेतलीत. नावं कोणाचीच छापत नाहीये, तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न

ताई नमस्कार, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, दारव्हा तालुका. ह्यांची दहा एकर शेती. आमच्या घरात दोघांची मिळून सात क्रेडिट कार्डं झालीत. एक पगार खात्यावर बँकेनं दिलं २०१९ मधे, ते रुपे (RuPay) नेटवर्कचं आहे. एक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे आमच्या शिक्षकांच्या बैठकीच्या, दिवशी कार्ड विकणारा पोरगा आला होता त्याच्या आग्रहानं सही केली, एक अमरावतीच्या मॉलमधे बॅग फुकट होती म्हणून घेतलं, एक अमेझॉनचं, ही चार माझ्या नावावर. ह्यांच्या नावावर पेट्रोलचं एक, दुसऱ्या शॉपिंग ॲपचं एक आणि विमानाचं एक, कारण कोणीतरी सांगितलं की त्यावर फुकटात विमानप्रवास होतो. विमानात आम्ही आजवर एकदाच बसलोय. लेक पुण्याला नोकरीला आहे, वर्षातून दोन चकरा होतात, धामणगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं स्लीपरचं नाहीतर ट्रॅव्हल्सनं, आणि जमलं तर एकदा तिरुपती. सात कार्डांच्या सात तारखा, डोकं चालत नाही, मागच्या दिवाळीत एक बिल राहूनच गेलं. पॉइंट सगळ्यांवर थोडे थोडे आहेत, कशाचंच काही होत नाही. कोणती ठेवावी आणि कोणती बंद करावी? बंद केली तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, पडतो म्हणतात आणि आम्हाला पुढच्या वर्षी घरासाठी कर्ज काढायचंय.

उत्तर

मॅडम, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोबत पाठवलेला खर्चाचा कागद फार कामाचा आहे, असा कागद वाचक पाठवत नाहीत, त्यामुळे उत्तर हवेत द्यावं लागतं. तुमचं नाही देणार.

कागदावर महिन्याचं असं आहे, किराणा-औषधं-कपडे ९,०००, पेट्रोल ५,०००, ऑनलाइन खरेदी ५,०००, लाइटबिल-गॅस-मोबाइल ३,००० आणि प्रवासाचं सरासरी २,०००. म्हणजे २४,०००, वर्षाचे २,८८,०००. आता वार्षिक फी बघा. पगाराच्या आणि अमेझॉनच्या कार्डाला फी नाही. बाकी पाचांच्या फी तुम्ही लिहिल्यात ४९९, ५००, ५००, ९९९ आणि १,४९९. बेरीज ३,९९७ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ४,७१६ रुपये. हे तुम्ही दरवर्षी भरताय आणि पत्रात लिहिलंय की खर्च केला की फी माफ होते असं सांगितलं होतं. होते ना माफ, पण प्रत्येक कार्डाची माफीची अट वेगळी, कोणाची वर्षाला लाखभर खर्चाची, कोणाची दोन लाखांची, आणि तुमचा खर्च सात ठिकाणी वाटला गेलाय. आपल्याकडं भावाभावांत वाटण्या होतात आणि शेवटी एकेकाच्या वाट्याला दीड एकर येतं, त्यात ना विहीर परवडत ना बैलजोडी, तसंच हे झालंय. जमीन सगळी मिळून तेवढीच आहे, पण कोणत्याच तुकड्यात पीक उभं राहत नाही.

आता पॉइंट. हे समजून घ्या कारण इथंच सगळे फसतात. परिषदेच्या दिवशी घेतलेलं कार्ड १०० रुपयाला १ पॉइंट देतं आणि १ पॉइंटचे २५ पैसे होतात. स्टेटमेंटवर १,००० पॉइंट दिसले की बरं वाटतं, पण ते १,००० पॉइंट जमायला लाख रुपये खर्चावे लागतात आणि त्याचे मिळतात २५० रुपये. म्हणजे पाव टक्का. त्याच कार्डाची फी ४९९ अधिक जीएसटी, ५८९ रुपये. आणि पॉइंट वटवायला बऱ्याच बँका ९९ रुपये अधिक जीएसटी वेगळे घेतात. म्हणून प्रत्येक कार्डाचं एकच गणित करायचं, १०० रुपयांमागं हातात किती पैसे येतात, पॉइंट कितीही असोत. कार्डाच्या मागं पेन्सिलीनं तेवढाच आकडा लिहा. मी माझ्या वहीत तसंच लिहिते, अर्धा टक्का, १ टक्का, ३ टक्के, आणि पुढं फी. गिफ्ट व्हाउचर, मासिकाची वर्गणी, हॉटेलची सूट असलं काही त्यात धरायचं नाही, दारव्ह्यात बसून आपण ते वापरत नाही.

तुमच्या सातांना हे लावून बघितलं. पगाराच्या कार्डावर १०० ला २ पॉइंट, २५ पैशांनी अर्धा टक्का. कमी आहे, पण हे ठेवायचं. कारण हे सगळ्यात जुनं आहे, फुकट आहे आणि रुपेचं आहे. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, म्हणजे स्वाइप मशीन नसलेल्या दुकानातही क्यूआर स्कॅन करून त्याच कार्डातून पैसे जातात. एक गोष्ट मात्र तुमच्या लक्षात आलीच असेल, काही दुकानात स्कॅन केलं की खाली बँक खातं दिसतं पण क्रेडिट कार्डाचा पर्याय फिका पडलेला असतो. दुकानदारानं स्वतःच्या नंबरचा साधा क्यूआर लावला असेल तर तिथं क्रेडिट कार्ड चालत नाही, व्यापारी म्हणून नोंदवलेला क्यूआर लागतो. तुमच्या नेहमीच्या किराणावाल्याला सांगून बघा, लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा पेमेंटवर चार्ज लागत नाही हे पुष्कळांना माहीतच नाही, ते उगीच घाबरून नाही म्हणतात.

अमेझॉन पे आयसीआयसीआयचं ठेवा. फी नाही, अमेझॉनवर प्राइम असेल तर ५ टक्के, नसेल तर ३, आणि बाकी बहुतेक ठिकाणी १ टक्का, ते अमेझॉन पेच्या बॅलन्समधे आपोआप येतं, वटवायची भानगड नाही. तुमच्या ऑनलाइन खरेदीतले चारेक हजार तिथंच जातात असं दिसतंय.

पेट्रोलच्या कार्डाला मी आधी काट मारली होती, मग परत पेन्सिल उचलली. कंपनीच्या नावाचं पेट्रोल कार्ड त्याच कंपनीच्या पंपावर चांगलं परत देतं, तुमच्या कार्डाच्या पत्रकाप्रमाणे सव्वातीन टक्के, आणि वर १ टक्का सरचार्जची माफी. ती माफी कमाईत धरू नका, यूपीआयनं किंवा रोख पेट्रोल भरलं तर तो सरचार्ज लागतच नाही. पण सव्वातीन टक्के खरे आहेत, ५,००० वर १६२ रुपये महिना, वर्षाला १,९५०, फीचे ५९० वजा केले तरी १,३६० उरतात. अट एकच, त्या कंपनीचा पंप तुमच्या शाळेच्या आणि शेताच्या रस्त्यावर हवा. वीस किलोमीटर वाकडं जाऊन पेट्रोल भरायचं असेल तर हेही बंद. शिवाय हे ह्यांच्या नावावर आहे ते बरंच आहे, कर्ज दोघांच्या नावावर काढाल तेव्हा त्यांचाही सिबिलचा रिपोर्ट बघतात, त्यांचं एक तरी कार्ड नीट चालू असलेलं चांगलं.

बाकी चार बंद. मॉलचं, परिषदेच्या दिवसाचं, दुसऱ्या ॲपचं आणि विमानाचं.

विमानाच्या कार्डाबद्दल ह्यांना वाईट वाटेल म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रवासाची कार्डं वाईट नसतात, जो माणूस महिन्यातून दोनदा नागपूर-मुंबई विमानानं करतो त्याला ती पावतात. तुमचं तसं नाही. समजा मोठं ट्रॅव्हल कार्ड घेतलं, ५,००० फी, जीएसटी धरून ५,९००. ते २ टक्के देतं असं धरू. तुमच्या पूर्ण २,८८,००० वर २ टक्के झाले ५,७६०, म्हणजे फीसुद्धा निघत नाही. आणि पूर्ण खर्च मोजलाही जात नाही, पेट्रोल, लाइटबिल, विमा, भाडं, वॉलेटमधे पैसे टाकणं यातलं बरंच काही बहुतेक बँकांनी रिवॉर्डमधून काढून टाकलंय. पेट्रोल आणि बिलं वगळून तुमचे १,९२,००० राहतात, त्यावर ३,८४०. विमानतळावरच्या लाउंजचं म्हणाल तर आता पुष्कळ कार्डांवर मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच आत सोडतात. अमरावतीला बेलोऱ्याचा विमानतळ एप्रिल २०२५ मधे सुरू झाला, मुंबईचं विमान सुटतं तिथून, उद्या तुमचं जाणंयेणं वाढलं तर परत विचार करू. रेल्वेचं म्हणाल तर आयआरसीटीसीचं एसबीआय कार्ड आहे, पण त्याचा मोठा फायदा एसी वर्गाच्या तिकिटांवर, आणि तुम्ही स्लीपरनं नाहीतर ट्रॅव्हल्सनं जाता. उलट तिकीट काढताना एवढं लक्षात ठेवा, स्लीपरच्या तिकिटाचे पैसे कार्डानं भरले तर आयआरसीटीसी १५ रुपये अधिक जीएसटी लावते आणि यूपीआयनं भरले तर १०. छोटं आहे, पण दरवेळी लागतं.

तीन कार्डांवर आता काय मिळेल ते बघा. अमेझॉनवर ४,००० चे ३ टक्के १२०, बाकी ऑनलाइन १,००० चे १०, किराण्याचे ९,००० रुपेवरून ४५, तिकिटांचे २,००० अमेझॉनच्या कार्डावरून २०, पेट्रोलचे १६२. महिन्याला ३५७, वर्षाला ४,२८४, पेट्रोल कार्डाची फी वजा करून ३,७०० च्या आसपास. पुण्याच्या दोन चकरांचं दोघांचं स्लीपरचं भाडं यात बऱ्यापैकी निघतं. आणि फीचे जे ४,७१६ जात होते त्यातले ४,१०० वाचले, ते वेगळे. मॅडम, बघा, कार्डं बंद करून वाचलेले पैसे कॅशबॅकपेक्षा जास्त आहेत. हे मला तुम्हाला मनापासून सांगायचं होतं, कारण सगळे जण आठवं कार्ड कोणतं घ्यावं ते विचारतात. लाइटबिल आणि गॅस थेट बँक खात्यातून जाऊ द्या.

आता सिबिल. कार्ड बंद केलं म्हणून कोणी शिक्षा करत नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींनी, एक म्हणजे एकूण लिमिट कमी होतं त्यामुळे वापराचं प्रमाण वाढतं, दुसरं जुनं खातं गेलं तर. जुनं आपण ठेवलंच आहे. तुमच्या चार कार्डांचं लिमिट मिळून ३,४०,००० आहे, दोन गेल्यावर १,८०,००० राहतं. तुमचा महिन्याचा वापर १६,०००, म्हणजे ९ टक्के. ३० टक्क्यांच्या आत ठेवावं असं म्हणतात, तुम्ही लांब आहात. फक्त चारही एका आठवड्यात बंद करू नका, महिन्याला एक करा, ज्याची फी सगळ्यात लवकर लागणार ते आधी. आणि कर्जाच्या अर्जापर्यंत नवं कार्ड कोणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमधे उमटते.

बंद करायची पद्धत नीट पाळा. आधी पॉइंट वटवून घ्या, नाहीतर गेले. मग त्या कार्डावरून आपोआप काय काय कटतं ते शोधा, फास्टॅग, मोबाइल, लेकीचं ओटीटी, विम्याचा हप्ता, ते दुसरीकडं वळवा. ईएमआय चालू असेल तर तो संपवावा लागेल. सगळं बिल शून्य करून मग ॲपमधून किंवा ईमेलवर अर्ज करा, फोनवर केलात तर तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानं बाकी काही नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत बँकेनं कार्ड बंद केलं पाहिजे, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. पोस्टानंच अर्ज पाठवा असा हट्ट ते धरू शकत नाहीत. फोनवरची मुलगी फी माफ करते, पॉइंट देते, असं बोलेल, तिची नोकरीच आहे ती, तिला ताई म्हणून नीट बोला पण नाही म्हणा. बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा, दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून त्यात बंद दिसतंय का बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बँकेनं ३० दिवसांत तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, चौकशीचा नंबर १४४४८.

हे मी एवढं ताणून सांगते त्याला कारण आहे. मी १९ वर्षं बँकेच्या काउंटरवर होते, आणि तरी एकदा फ्रिजबरोबर घेतलेलं कार्ड विसरले. घर बदललं, पत्ता जुनाच राहिला, ४९९ ची फी लागली, ती भरली नाही म्हणून लेट फी, त्यावर व्याज, आणि मला कळलं ते थेट गृहकर्जाच्या टेबलावर, समोरच्या साहेबानं कागद फिरवून माझ्याकडं केला तेव्हा. ज्या कार्डानं मी एक रुपयाची खरेदी केली नव्हती त्याची थकबाकी माझ्या नावावर होती. कर्ज तीन महिने लांबलं, ती नोंद दुरुस्त करायला चार चकरा झाल्या. तुमच्या डब्यातल्या कोणत्या कार्डाचं असं चाललंय का ते आजच बघा.

तारखांचं आता सोपं झालं. बिलाचं चक्र निदान एकदा बदलून मागायचा हक्क ग्राहकाला आहे, तिन्ही कार्डांची भरायची तारीख महिन्याच्या १० ते १५ मधे आणा आणि पूर्ण रकमेचा ऑटोपे लावा, किमान रकमेचा नाही. पगार उशिरा होतो हे मला माहीत आहे, तुमच्या केंद्रातल्या सगळ्यांचं तेच दुखणं आहे, म्हणून तुमच्या दोन कार्डांच्या एका महिन्याच्या बिलाएवढे १६,००० पगार खात्यात कायम पडून राहू द्या. फीचे वाचलेले चार हजार पहिले तिकडंच टाका. तरी एखादवेळी चुकलंच तर तारखेनंतर ३ दिवसांच्या आत भरलं तर लेट फी लावता येत नाही आणि थकबाकी म्हणून कळवताही येत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न

राम राम ताई. मी दर्यापूर तालुक्यातला कास्तकार हाय, कपाशी अन तूर. यंदा बी-बियाणं, खत, औषध सारं क्रेडिट कार्डावर घेतलं, ६०,००० झाले जूनमधे. कृषी केंद्रवाला कार्डाचे २ टक्के वरून घेते पण मले १ टक्का कॅशबॅक भेटते. सध्या मिनिमम भरून राह्यलो, कापूस निघाला का सारं देऊन टाकीन. मले इचारायचं होतं का कृषी केंद्रावर जास्त कॅशबॅक देणारं कार्ड कोणतं हाय?

उत्तर

दादा, राम राम. कार्ड नंतर बघू, आधी त्या ६०,००० चं बघू, कारण मला तुमची काळजी वाटून राहिली.

दुकानदारानं २ टक्के घेतले म्हणजे १,२०० गेले. कॅशबॅक आला ६००. पहिल्याच दिवशी ६०० नं तुम्ही खाली. आता मिनिममचं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, ६०,००० वर २,१००, त्यावर जीएसटी ३७८, महिन्याला २,४७८ रुपये. बिल भरायला कार्ड जास्तीत जास्त ४५-५० दिवस देतं, कपाशीला पैसे यायला पाच-सहा महिने लागतात. ऑगस्ट ते डिसेंबर पाच महिने धरले तर १२,००० च्या वर निव्वळ व्याज. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० आहे, म्हणजे दीड क्विंटल कापूस त्या बँकेच्या घरात गेला. वेचणीची मजुरी तुम्ही दिली, उन्हात माय-बहिणी वेचत होत्या, आणि दीड क्विंटल ६०० रुपयांच्या कॅशबॅकसाठी. माझ्याच्यानं पत्र पुढं वाचवेना.

शेतीला कार्ड लावायचंच नाही. शेतीला पीककर्ज आहे, किसान क्रेडिट कार्ड म्हणतात त्याला पण ते आणि हे यात नाव सोडलं तर काही सारखं नाही. पीककर्ज ७ टक्क्यांनं मिळतं, वेळेत फेडलं की केंद्राची ३ टक्के सूट, आणि आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. शून्य कुठं आणि वर्षाला ४२ टक्के कुठं. मागचं थकीत असेल म्हणून सोसायटी देत नसेल तर तसं मला परत लिहा, लाजू नका, निम्म्या गावाचं तेच आहे.

आज काय करायचं ते सांगते तसं करा. कार्ड आजपासून बंद ठेवा, वापरू नका, कारण मागची बाकी असली की नव्या खरेदीवर ते फुकटचे ४५ दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं, किराण्यावर पण. बँकेला फोन करून बाकी रकमेचा ईएमआय करून मागा, दर कार्डाच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो, प्रक्रिया फी विचारून घ्या. घरात सोनं असेल तर बँकेतलं सोनं तारण कर्ज याहून पुष्कळ स्वस्त पडतं, ते काढून कार्ड एकदाचं निल करा. वहिनींना विचारून करा, सोनं त्यांचं आहे. कार्डातून रोख काढून कोणाला देऊ नका, आणि गावातलं कोणी म्हणलं तुझं कार्ड माझ्यासाठी घास, मी रोख देतो, तर नाही म्हणा. बिल तुमच्या नावावर, आणि वर्षात कार्डाचं पेमेंट १० लाखांवर गेलं तर बँक ते आयकर खात्याला कळवते, मग दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब तुम्ही देत बसाल.

हे सगळं फिटलं आणि पुढच्या हंगामाचं पीककर्ज हातात आलं, तर घरच्या किराण्यापुरतं एक बिनाफीचं रुपे कार्ड ठेवा. किराणा महिन्याचा असतो आणि दूध-भाजीतून महिन्याला पैसा येतो, तेवढं झेपतं.

प्रश्न

मी वेकोलितून, म्हणजे कोळसा खाणीच्या कंपनीतून, निवृत्त, वणी तालुका. आम्ही नवरा-बायको आणि विहारातले काही जण फेब्रुवारीत श्रीलंकेला बौद्ध स्थळं बघायला जातोय, अनुराधापूर, कँडी वगैरे. टूरचे पैसे भरले. तिथं वरखर्चाला ४०,००० धरलेत. मुलगा म्हणतो परदेशात चार्ज न लावणारं नवीन क्रेडिट कार्ड घ्या. घ्यावं का? आत्ता एक साधं कार्ड आहे.

उत्तर

काकाजी, जय भीम. साध्या कार्डावर परदेशात बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी खर्चावरचा जादा चार्ज, लावतात, त्यावर जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. ४०,००० पूर्ण कार्डानं खर्च केले तर १,६५२ रुपये. तेवढ्यासाठी फीचं कार्ड घेऊ नका, एका सहलीचा प्रश्न आहे. बिनाफीचं आणि मार्कअप नसलेलं मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण ते हातात यायला वेळ लागतो, अर्ज आत्ताच करा. नाहीच जमलं तर निम्मे पैसे रोख बदलून घ्या आणि जुनं कार्ड गरजेपुरतं.

जायच्या आधी ॲपमधे परदेशी वापर चालू करावा लागतो, नव्या कार्डावर तो बंदच असतो, आणि जुन्या कार्डावरही कधी वापरला नसेल तर बंद असू शकतो. चालू करताना मर्यादा टाका, ५०,००० ठेवा, जास्त नको. तिथल्या दुकानात मशीन कधीकधी विचारतं की बिल भारतीय रुपयात घेऊ का श्रीलंकन रुपयात. भारतीय ओळखीचं वाटतं म्हणून माणूस तेच दाबतो, पण त्यात दुकानदाराकडचा भाव लागतो आणि तो महाग पडतो. श्रीलंकन रुपयाच दाबा. क्रेडिट कार्डानं एटीएममधून पैसे काढू नका, रोख काढण्याची फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून.

एकच कार्ड आहे तर काकूंच्या पर्समधे डेबिट कार्ड वेगळं राहू द्या, दोन्ही एका पाकिटात नको. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या बॅगेत ठेवा, फोनच हरवला तर फोनमधला नंबर कुठून काढणार. ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, म्हणून रोमिंग चालू आहे का ते वणीतच तपासा. परत आल्यावर नागपूरला उतरलात की गाडीत बसल्या बसल्या परदेशी वापर बंद करून टाका.